वावडे म्हणजे नेमके काय?

आपल्या मराठीत 'वावडे' हा एक फार उपयोगी शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला अंड्याचे, आणि आमच्या वर्गातील काही मंडळींना सकाळच्या पहिल्या तासाचे. या अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्र 'ओग्गोदिल्ल' म्हणतात. म्हणजे मानवत नाही, जुळत नाही. जी गोष्ट घरातल्या दहाजणांना खुशाल पचते ती अकराव्याला सोसत नाही, हे निरीक्षण आपल्या आज्यांना पूर्वापार ठाऊक होते. त्याला शास्त्रीय नाव मिळायला मात्र १९०६ साल उजाडावे लागले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'वेगळे' आणि 'कार्य' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तातील लस टोचली, की काहींना आठवड्याभराने ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. तीच लस पुन्हा टोचली, तर हा त्रास पहिल्यापेक्षा लवकर आणि जोराने होई. रोग्याचे शरीर या लशीला 'वेगळ्या रीतीने वागू' लागले आहे, असे पिर्के यांचे म्हणणे होते.

मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. पण वयाच्या सातव्या वर्षापासून दमा माझ्या सोबतीला आहे, आणि ज्याच्याशी इतकी वर्षे संसार करावयाचा त्याची कुळकथा माहीत असावी म्हणून मी या विषयावरचे मिळेल ते वाचत आलो. लिहिण्याचे खरे कारण निराळे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलामुलींपैकी निदान चौघेजण मला असे भेटले, की त्यांच्या दप्तरात पंप आहे, आणि शेजारी बसणाऱ्या मित्राला त्याचा पत्ता नाही. धाप लागली की ही मुले पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जातात आणि जिन्याखाली उभे राहून पंप ओढतात. चष्मा लावणारा कुणी जिन्याखाली जाऊन वाचत नाही. मग हे का, याचा थोडा विचार व्हावा.

प्रथम गोष्ट मोनॅकोच्या राजाच्या नौकेची. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच संशोधक या नौकेवर समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पुढे पॅरिसला परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे विष अगदी थोडे थोडे टोचून पाहिले. हेतू सरळ होता. देवीची लस टोचल्याने देवीपासून संरक्षण मिळते, तसे थोड्या विषाने जास्त विष पचवण्याची ताकद यावी. झाले उलटेच. पहिल्या मात्रेतून सुखरूप बाहेर पडलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तितकीच अल्प मात्रा पुन्हा दिली, तर ते काही मिनिटांत धापा टाकीत कोसळले आणि मेले. संरक्षणाच्या नेमके विरुद्ध म्हणून १९०२ साली या प्रकाराला 'ॲनॅफिलॅक्सिस' असे नाव पडले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगातली खुबी वाचकांनी ध्यानात घ्यावी. कुत्रे विषाने मेले नव्हते. ते स्वतःच्या संरक्षण-व्यवस्थेच्या अतिरेकाने मेले होते.

हा अतिरेक कसा होतो? आपल्या रक्तात निरनिराळी प्रतिद्रव्ये असतात. त्यांतील एक जात, जिला आज आयजीई म्हणतात, ती निरोगी माणसाच्या रक्तात नाममात्रच असते. तिचे मूळ काम जंतासारख्या परजीवींशी लढण्याचे असावे, असे मानले जाते. काहींच्या शरीराला मात्र धुळीतला एखादा निरुपद्रवी कण, एखादा पराग किंवा शेंगदाण्यातले प्रथिन हाच शत्रू वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करून ठेवते. ही पहिली भेट अगदी मुकाट्याने होते. शिंकसुद्धा येत नाही. म्हणून "इतकी वर्षे खात होतो, कधी काही झाले नाही" हा युक्तिवाद येथे टिकत नाही. तयार झालेले आयजीई नाक, घसा, फुफ्फुसे, आतडी आणि त्वचा येथे ठाण मांडून असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटते. मास्ट पेशी म्हणजे दारूगोळ्याचे कोठारच. पुढच्या खेपेला तोच कण आला आणि शेजारशेजारच्या दोन प्रतिद्रव्यांना त्याने एकदम धरले, की पेशी आपले कोठार रिते करते. त्यातला मुख्य दारूगोळा म्हणजे हिस्टामिन. त्याने रक्तवाहिन्या पाझरतात, खाज सुटते, नाक गळते, स्नायू आवळतात. हे सारे काही मिनिटांत घडते.

रक्तात असे काही द्रव्य आहे हे सिद्ध करणारा १९२१ सालचा प्रयोग मला फार आवडतो. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्ताचा थोडा द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ज्याला आयुष्यात माशाचा त्रास नाही त्या प्राउस्निट्झ यांच्या त्याच जागेवर लाल गांध उठली. मित्राचे वावडे कातडीच्या तेवढ्या तुकड्यापुरते उसने मिळाले! ते द्रव्य म्हणजे आयजीई, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका या जपानी पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले.

आता आपल्याकडच्या एका गैरसमजाविषयी. अंगावर गांधी उठल्या की आपण 'पित्त उठले' म्हणतो आणि आमसुलाचे पाणी चोळतो. या पित्ताचा यकृतातल्या पित्ताशी काही संबंध नाही. कातडीतल्या मास्ट पेशींनी केलेला तो उद्योग आहे. आमसुलाने गार वाटते, खाज थोडी निवते, आणि अशा गांधी पुष्कळदा काही तासांत आपोआप बसतात; त्यामुळे श्रेय आमसुलाला मिळते. ते मिळायला माझी हरकत नाही. मात्र गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली किंवा वांत्या सुरू झाल्या, तर ते 'पित्त' नव्हे. ती रिशे यांच्या कुत्र्याची अवस्था आहे. मधमाशांचा डंख, पेनिसिलीनसारखे औषध, कोळंबी, शेंगदाणा यांपैकी कशानेही ती येऊ शकते. तेथे एकच औषध जीव वाचवते, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन; आणि ते मिनिटांच्या हिशेबाने मिळावे लागते. रोग्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत (धाप फार असेल तर बसू द्यावे) आणि गाडी बोलवावी. गोळी देऊन वाट पाहत बसू नये.

दम्याकडे वळू. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांतील तमकश्वासाचे वर्णन वाचले तर आजच्या दमेकऱ्याला आपलीच हकीकत लिहिली आहे असे वाटेल. रोग्याला निजवत नाही, बसल्याने बरे वाटते, ढगाळ आणि थंड हवेत त्रास वाढतो, हे सारे त्यात आहे. 'दमा' हा शब्द फारसीतल्या 'दम' म्हणजे श्वास यावरून आला. कन्नडमध्ये 'उब्बस' म्हणतात. माझ्या कानाला त्या शब्दातच छाती फुगल्यासारखी वाटते.

आणि खरेच, दम्यात छाती फुगलेली असते. पुष्कळांची समजूत असते की दमेकऱ्याला श्वास आत घेता येत नाही. अडचण अधिक करून बाहेर सोडण्याची असते. श्वासनलिकांना तीन गोष्टी एकदम होतात. त्यांच्या भोवतालचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, आणि चिकट कफाने उरलेली वाट बुजते. श्वास घेताना छाती रुंदावते तेव्हा नळ्या थोड्या उघडतात. सोडताना त्या मिटतात आणि हवा आत कोंडते. मग भरलेल्या पिशवीत आणखी हवा कोंबण्याची धडपड. ज्याला हे कधी झाले नाही त्याने छातीभर श्वास घेऊन, तो न सोडता, वरच्यावर छोटे छोटे श्वास घेत जिना चढून पाहावा. एक मजला पुरे.

या तिन्हींपैकी स्नायूंचे आवळणे मिनिटांत सुरू होते आणि औषधाने मिनिटांत सुटते. सूज मात्र पाठीमागून, चार ते आठ तासांनी, निराळ्या पेशींची फौज घेऊन येते आणि दिवसेंदिवस मुक्काम करते. संध्याकाळी लग्नघरात धूर-धूळ खाल्ली, तेव्हा दोन शिंकांवर निभावले आणि पहाटे चारला छाती भरली, असे होते त्याचे हे एक कारण. शिवाय पहाटे श्वासनलिका स्वभावतःच सर्वांत अरुंद असतात. दमा म्हणजे अधूनमधून येणारा झटका नव्हे. झटका नसतानाही धुमसत राहणारी ती सूज आहे. हे एक वाक्य ज्याला पटले त्याला पुढची सारी औषधयोजना आपोआप समजते.

आता आपल्या गावाकडे पाहू. बेळगाव अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकलेले. हवा चांगली म्हणून येथे निवृत्तीनंतर घरे बांधणाऱ्यांची परंपरा आहे. पण जून ते सप्टेंबर चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी आणि गाद्यांना कुबट वास, हेही तितकेच खरे. खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर विचारूच नका. या ओलीत दोन प्राणी सुखाने नांदतात. एक बुरशी, दुसरा धुळीतला माइट. माइट हा कोळी-गोचिडांच्या गोतातला, मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो गादी-उशीत जगतो आणि त्याच्या विष्ठेतील प्रथिन आपल्याला बाधते. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा खरा धनी हा आहे, हे १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमधील लायडेनच्या संशोधकांनी दाखवले. माइट पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. हवा कोरडी पडली की मरतो. आपल्या आया पावसाळा संपताच गाद्या, गोधड्या, घोंगडी गच्चीवर कडक उन्हात टाकतात, ते म्हणूनच शास्त्राला धरून आहे. माझे एवढेच म्हणणे, की पावसाळ्यातही उघडीप मिळेल त्या दिवशी टाकावीत, चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात काढावेत आणि झाडणे-झटकणे दमेकऱ्याकडे देऊ नये. ओल्या फडक्याने पुसणे झाडण्यापेक्षा बरे. झुरळांचेही असेच आहे. त्यांच्या अंगाचा आणि विष्ठेचा भुगा दम्याला चांगलाच पोषक ठरतो.

धूर-धुळीचे आणखी प्रकार भागाभागाप्रमाणे बदलतात. निपाणीकडे तंबाखूची धूळ, वडगाव-शहापुरात मागांची कापूसधूळ, साखर कारखान्यांच्या आसपास चिपाडाची, उद्यमबागेत फाउंड्रीची. आणि सगळीकडे चूल, कचऱ्याची जाळपोळ, दिवाळीचे फटाके. हे सगळेच 'वावडे' या सदरात मोडत नाही. धूर हा कुणाच्याही नळ्यांना ओरखडतो, सुजलेल्या नळ्यांना अधिक. ज्यांच्या घरी कुणी विडी-सिगारेट ओढतो त्यांच्या मुलांना दम्याचा त्रास जास्त होतो, यात आता मुळीच शंका उरलेली नाही.

आता माझ्या विषयाचे. फुलांची ॲलर्जी म्हटली की लोक गुलाब, मोगरा, झेंडू यांच्यावर आळ घेतात. ही फुले कीटकांसाठी नटलेली असतात. त्यांचे पराग जड, चिकट. ते हवेत फार उडत नाहीत. खरे उपद्रवी पराग वाऱ्यावर पसरणारे, म्हणजे गवतांचे, आणि गवताच्या फुलाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या डॉक्टरांना स्वतःला हा त्रास होता. त्यांनी पतंगावर चिकट काचा बांधून उंच हवेतले पराग पकडले आणि १८७३ साली पुस्तक लिहून हे सिद्ध केले. परागकण बहुधा वीस-तीस मायक्रॉन जाडीचा, म्हणून तो नाकातच अडतो आणि शिंका येतात. फुफ्फुसात खोल जात नाही. पण पावसाच्या पाण्याने तो फुगून फुटला तर त्यातून बारीक कण सुटतात आणि ते थेट खाली उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरावर वादळी पाऊस आला तेव्हा असेच घडले. एका संध्याकाळी हजारो लोक धापा टाकीत इस्पितळांकडे धावले आणि दहाजण दगावले. त्यांतील पुष्कळांना तोवर फक्त शिंकांचाच त्रास होता.

आपल्याकडचा स्वतंत्र मानकरी म्हणजे गाजर गवत ऊर्फ काँग्रेस गवत. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले आणि पाहता पाहता दख्खनभर पसरले. एक झाड पंधरा-वीस हजारांपर्यंत बिया टाकते. १९८४ साली बंगळूरला त्याच्यावर मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा सोडला. तो पाने आवडीने खातो, पण पावसाळ्यापुरता. गवत त्याला पुरून उरले आहे. याचे पराग नाकाला बाधतात हे एक. दुसरे, त्यातील पार्थेनिन नावाच्या रसायनाने कातडीला जो इसब होतो त्याची तऱ्हाच निराळी. तेथे आयजीई नाही, मास्ट पेशी नाहीत. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतः लढतात, आणि पुरळ एक-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे कारण लक्षात येत नाही. सोमवारी गवत उपटले आणि बुधवारी मान, पापण्या, कोपराची घडी लाल झाली, तर माणूस मंगळवारच्या जेवणावर संशय घेतो. बिब्ब्याचे उतणे, आंब्याच्या चिकाने ओठ फुटणे ही याच जातीची उदाहरणे. बिब्बा, आंबा, काजू एकाच कुळातले आहेत. या प्रकाराला हिस्टामिनविरोधी गोळीचा फारसा उपयोग होत नाही, हे उघड आहे.

आता पंप, अर्थात इनहेलर. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत माझे औषध का भरत नाही? पुढच्याच वर्षी पहिला पंप बाजारात आला. पंपाचे म्हणणे अगदी व्यवहारी आहे. रोग नळीत आहे, औषध नळीतच टाका. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. ती पोटातून रक्तात, रक्तातून साऱ्या अंगात फिरून, हातांना कापरे आणि छातीत धडधड देऊन मग थोडीशी फुफ्फुसात पोचते. पंपाचे दोन फवारे म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, गोळीचा विसावा हिस्सा, आणि गुण पाच मिनिटांत. तरी आपल्याकडे गोळी 'साधी' आणि पंप 'जालीम', पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही! स्टेरॉइडच्या पंपाविषयीची भीती याहून मोठी. त्यातील रोजची मात्रा बहुधा काहीशे मायक्रोग्रॅम असते. हीच माणसे झटक्याच्या वेळी ४० मिलिग्रॅमपर्यंतची स्टेरॉइडची गोळी निमूटपणे घेतात, आणि 'दम्यावर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही घेतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या घटना काही नव्या नाहीत. दरवर्षी मृगाच्या सुमारास हैदराबादेला जिवंत मासा गिळण्यासाठी रांगा लागतात, त्यांत आपल्या भागातलेही लोक असतात. त्या औषधाचा गुण कोणत्याही शास्त्रीय चाचणीने सिद्ध झालेला नाही. जाणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. पहाटे चारला खिडकीचे गज धरून बसलेला माणूस कुठेही जाईल. फक्त पंप घरी ठेवून जाऊ नये.

येथे एक घरगुती हकीकत सांगणे भाग आहे. माझा आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चांगला कबड्डी खेळणारा. त्याच्याजवळ निळा पंप होता, झटक्यापुरता. सूज उतरवणारा दुसरा पंप कुणी तरी 'स्टेरॉइड आहे, पुढे लग्नाला अडचण येईल' म्हणून बंद करवला होता. निळ्याने दोन मिनिटांत बरे वाटे, म्हणून सारे ठीक आहे असे सगळ्यांना वाटे. दोनाचे दिवसाला आठ-दहा फवारे झाले. एका आषाढात, रात्री, गावातून गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. तो सव्वीस वर्षांचा होता. पंप त्याच्या खिशात होता आणि रिकामा होता.

अशा गोष्टी विरळा नाहीत. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात. आपला दमा काही इतरांहून विखारी नाही. आपण सुजेवरचे औषध घेत नाही, एवढाच बहुतेक फरक. उलट फिनलंडने १९९४ पासून दहा वर्षे देशव्यापी मोहीम चालवून सुजेवरचा पंप वेळीच सुरू करण्यावर भर दिला, तेव्हा दम्यासाठी इस्पितळात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले. २०१९ सालीच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मोठा बदल झाला. नुसत्या निळ्या पंपावर कुणाही प्रौढ वा किशोरवयीन दमेकऱ्याला ठेवू नये, सौम्य दमा असला तरी सुजेवरचे औषध कोणत्या तरी स्वरूपात मिळालेच पाहिजे, असे आता सांगतात. दोन्ही औषधे एकत्र असलेला पंपही मिळतो. कोणता घ्यावयाचा ते डॉक्टर ठरवतील. पण निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, किंवा रात्री जाग येत असेल, तर दमा ताब्यात नाही असे समजून त्यांच्याकडे जावे.

पंप ओढण्याची रीत मी नव्या विद्यार्थ्यांकडून हमखास करवून घेतो, कारण दहांपैकी सातजण चुकतात. डबी हलवावी, श्वास पूर्ण सोडावा, तोंडात धरून सावकाश आत घेत असतानाच दाबावी, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. जमत नसेल तर मध्ये स्पेसर नावाची पोकळ नळी लावावी. ती नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याची रीतसर चाचणी झाली आणि १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी, नाही तर तोंड येते.

खाण्याविषयी थोडक्यात. आपल्याकडे दमेकऱ्याला केळी, दही, पेरू, भात सगळेच बंद करतात. चाचणीने किंवा स्वच्छ अनुभवाने सिद्ध झाल्यावाचून कोणतेही अन्न तोडू नये. दुधाने पोट बिघडणे ही बहुधा ॲलर्जी नसते, दुधातली साखर पचत नाही इतकेच. लहान मुलांना शेंगदाण्यासारखे पदार्थ उशिरा द्यावेत हा जुना सल्लाही उलटा ठरला. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, धोका असलेल्या ज्या तान्ह्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ दिले त्यांच्यात ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (पदार्थ म्हणजे कुटून शिजवलेले, अख्खा दाणा नव्हे, तो घशात अडकतो. ज्या बाळाला अगोदरच मोठा इसब आहे त्याला डॉक्टरांना विचारूनच.)

जाता जाता आमच्या महाविद्यालयापुरती एक विनंती. एन.एस.एस.च्या शिबिरात दरवर्षी गाजर गवत उपटण्याचा कार्यक्रम असतो. तो फुले येण्यापूर्वी, जुलैच्या आत व्हावा. नंतर उपटले तर बिया आणि पराग आपणच पसरवतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर रुमाल हवा. ज्यांना दमा, शिंका किंवा इसब आहे त्यांनी नाव नोंदवताना तसे सांगावे, म्हणजे त्यांना पाणी, नोंदवही, मोजमाप असले काम देता येईल. आणि ज्यांच्याजवळ पंप आहे त्यांनी डबीवर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी. पुष्कळ पंपांत २०० फवारे असतात. रोजचे चार धरले तर पन्नास दिवस. हलवून आवाज येतो म्हणजे औषध शिल्लक आहे असे नव्हे. आतला वायू औषध संपल्यावरही सुटत राहतो.